आत्मविकासासाठी कुस्ती: नवशिक्यांसाठी पहाटे चारची मार्गदर्शिका

वय पस्तिशीच्या पुढे, पोट पट्ट्याच्या पुढे, आणि नुकतंच कुठल्याशा शिबिरात 'स्वतःवर काम करायला हवं' असं ऐकून आलेल्या सज्जनांसाठी ही मार्गदर्शिका आहे. स्वतःवर काम करून घ्यायची कोल्हापुरात उत्तम सोय आहे. फक्त ते काम दुसरा माणूस करतो, आणि पहाटे करतो.

तालीम शोधणे

हे वाटतं तितकं सोपं नाही. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आहेत, पण पाटी वाचून आत शिरणाऱ्याची फसगत व्हायची शक्यता दांडगी. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावं वाचून मांडीवर थाप मारू नये. हे शाहू स्टेडियमवर भिडणारे फुटबॉलचे संघ आहेत. तिथे लंगोट दाखवलात तर लोक मायेनं चहा पाजतील आणि परत पाठवतील. आणखी काही तालमींत गणपती बसतो, वर्गणी जमते, निवडणुकीची गणितं मांडली जातात, आणि हौद्यातली माती मात्र वाळून भेगाळलेली असते. आपल्या कामाची तालीम नाकानं ओळखावी. ओली माती, तेल आणि रात्रीचा न गेलेला घाम यांचा वास दारातच आला, तर चपला काढाव्यात. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही जुनी, नावाजलेली ठिकाणं. (मुलगी असाल तर जुन्या तालमींची दारं अजून बहुतेक बंदच. मुली मॅटच्या केंद्रांवर शिकतात, पदकं आणतात, आणि मग त्याच तालमींच्या चौकात त्यांच्या अभिनंदनाचे फलक लागतात.)

आत गेल्यावर आधी मारुतीला नमस्कार, मग वस्तादांना. वस्ताद विचारतील, "काय काम काढलं, साहेब?" इथे बरेच उमेदवार बाद होतात, कारण ते खरं उत्तर देतात. एकानं सांगितलं होतं, "मला आतून घडायचंय." वस्तादांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "आतलं मागनं बघू. आदी शर्ट काढा."

सामग्री

लंगोट एक. बाकी काही विकत घेऊ नये. बुटांचं, घड्याळाचं, हृदयाचे ठोके मोजणाऱ्या पट्ट्याचं इथे काही चालत नाही. लंगोट कसायचा कसा हे मात्र आधी घरी चित्रफीत पाहून शिकून येऊ नये, तो सुटतोच. तालमीतलं अकरा-बारा वर्षांचं पोरगं पुढे येईल, तुम्हाला गर्रकन फिरवेल आणि मागून असा हिसका देईल की डोळ्यांत पाणी येईल. सगळे बघत असतात. कुणी हसत नाही, कारण कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. शिबिरांत यालाच अहंकाराचा निचरा म्हणतात आणि त्याची वेगळी फी घेतात.

माती

पहिल्या दिवशी डाव शिकवतील अशी अपेक्षा असेल तर ती दारातच ठेवावी. पहिल्या दिवशी हातात खोरं देतात.

हौद्यातली तांबडी माती ही अंगणातली माती नव्हे. ती आणून, चाळून, खडा न् खडा वेचून घेतात. तीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालतात आणि दिवसेंदिवस मुरवतात. तेलाताकानं ती मऊ राहते आणि अंगाला धरते. हळद-लिंबानं खरचटलेलं चिघळत नाही अशी तालमीची श्रद्धा. पण अंगाखाली तुडवून, पाणी मारून ती रोज दबते, आणि म्हणून रोज उकरावी लागते. एका टोकापासून सुरुवात करायची. खोरं खांद्याच्या वर न्यायचं, कमरेतून खाली आणायचं, ढेकूळ उलटवायचं, फोडायचं, मागे सरकायचं. चौथ्या ओळीला तळहात पेटतात. सहाव्या ओळीला मनगटापासून कोपरापर्यंतचा एक स्नायू, ज्याची आजवर कधी ओळख झाली नव्हती, आपलं अस्तित्व कळवतो. पैलवानाची पकड इथे तयार होते, पाठ इथे रुंद होते. शेजारचं पोरगं हे काम गप्पा मारत, अर्ध्या वेळात उरकून जोर काढायला गेलेलंही असतं. दुपारी ऑफिसच्या बैठकीत तुमच्या नखांच्या कडेला तांबडी रेघ असेल. सहकारी विचारतील. सांगू नये. सांगितलं की ते तुम्हाला व्याख्यान द्यायला बोलावतात.

जोर आणि बैठका. हजार-हजार बैठका मारणारे पैलवान याच मातीत झाले. तुम्ही पंचवीस माराव्यात आणि जिना उतरताना कठडा धरावा.

पडणे

खरी शिकवणी खडाखडीपासून. समोरचा हात मिळवतो, कपाळ कपाळाशी येतं आणि त्याचा एक पंजा तुमच्या मानेवर पडतो. मारल्यासारखा नाही, ठेवल्यासारखा. पण त्यात त्याचं सगळं वजन उतरलेलं असतं. तुम्ही, स्वाभिमानी माणूस म्हणून, मान वर काढता. त्याला तेच हवं असतं. तुमचा जोर वर गेला की तो खाली शिरतो आणि दुहेरी पट काढतो. तुम्ही घाबरून पुढे रेललात तर मान कवळून, कंबर आत घालून ढाक लावतो. दोन्ही वाटा मातीतच जातात. वस्ताद ओरडतील, "मान सोड! मान ढिली सोड!" याचा अर्थ नम्र व्हा असा नाही. अर्थ इतकाच की मान ढिली सोडा. तालमीतल्या सूचनांमधून जीवनाचं तत्त्वज्ञान काढत बसणारा विद्यार्थी विचार पूर्ण व्हायच्या आत चितपट होतो.

ढाक हा खाशाबा जाधवांचा हुकमी डाव. आत्मविकासाच्या व्याख्यानांत खाशाबा हमखास येतात: कराडजवळचं गोळेश्वर, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावा क्रमांक, १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मग वक्ता जिद्दीवर बोलतो आणि टाळ्या घेतो. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण टाकलं, हा भाग वेळेअभावी राहून जातो. जिद्द पुष्कळांत असते. घर गहाण टाकणारा प्राचार्य प्रत्येकाच्या कॉलेजात नसतो.

खुराक

तीच गोष्ट खुराकाची. दूध, तूप, बदाम, मटण, आणि कुंडीत घोटलेली थंडाई. घोटायला दोन माणसं लागतात आणि प्यायला एक पुरतो. तालमीत राहणाऱ्या पोरांचा हा खर्च गावाकडे बाप भागवतो, ऊसबिल आलं की. बिल लांबलं की बदाम कमी होतात. कितीतरी पोरं कुस्ती हरली म्हणून नव्हे, खुराक परवडेना म्हणून बिस्तरा गुंडाळून गेली. आत्मविश्वासाची कमतरता हे त्याचं कारण कुठल्याही वस्तादानं दिलेलं ऐकिवात नाही. तुमचं नेमकं उलटं: खुराक परवडतो आणि कुस्ती नाही. तेव्हा पंचवीस बैठकांवर दोन लिटर दूध रिचवू नये. थंडाई घोटायला बसावं आणि तांब्या शेजारच्या पोराला द्यावा.

प्रगती मोजणे

पट्टे, प्रमाणपत्रं, श्रेणी असलं इथे काही नाही. कानावरून अंदाज बांधतात: मातीत आणि समोरच्याच्या डोक्यावर घासून घासून कानाच्या पाळीत रक्त साकळतं, ती सुजते आणि तशीच कडक होऊन बसते. त्याची घाई करू नये. त्यापेक्षा वस्ताद काय म्हणून हाक मारतात याकडे कान द्यावा, तोवर तो शाबूत असतो. सुरुवातीला तुम्ही 'साहेब' असता. काही महिन्यांनी 'पावणं' होता. मग एका पहाटे, पट काढताना, "आरं ए, डोस्कं कुठं घालतोस?" असं कानावर येतं. त्या दिवशी पेढे वाटावेत. वस्ताद ज्याच्यावर ओरडत नाहीत, त्याच्यावर ते वेळ घालवत नाहीत.

मॅटवर जायचं का, हा प्रश्न मध्येच कुणीतरी विचारतो. ऑलिम्पिकला जायचं असेल तर जावंच लागेल: तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुणांचा हिशेब. तुमचा तो प्रश्न नाही. खासबागेचंही स्वप्न पाहू नये. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१२ मध्ये पुरं झालेलं ते मैदान असं बांधलंय की कुठेही बसलं तरी हौदा नीट दिसतो. या सोयीचा लाभ बसूनच घ्यावा.

जत्रा

शेवटी मात्र एखाद्या गावच्या जत्रेत उतरावं लागतं. मोठ्या पैलवानांच्या आधी, उन्हं असतानाच, लहान कुस्त्या होतात. पंच अंगापिंडाचा अंदाज घेऊन जोड लावतात, वय विचारत नाहीत. त्यामुळे तुमच्यासमोर दहावीतलं पोरगं येईल. हलगी सुरू होईल. निवेदक तुमची कंपनी विचारून घेऊन लाऊडस्पीकरवरून सांगेल, म्हणून ती आधीच सांगू नये. शड्डू ठोकावा, आवाज बरा येत असेल तर दोनदा. त्यानंतर फार काही करावं लागत नाही.

पाठीला माती लागली की उठून हात मिळवावा. पोरगं वाकून पाया पडेल आणि विचारेल, "काका, लागलं न्हाई न्हवं?" यावर 'नाही' म्हणावं, हसावं, आणि खांदा रात्री शेकावा.