म्हणजे नेमकं काय?

आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी दोन वर्षं गळते आहे, आणि त्यात प्लंबरचा काडीचाही दोष नाही. दोष तत्त्वज्ञानाचा आहे. पहिल्याच सभेत सेक्रेटरी म्हणाले, "टाकी गळते, दुरुस्त करून घेऊ." कोपऱ्यातून हात वर झाला.

"गळते म्हणजे नेमकं काय?"

हे आमचे प्रोफेसर. आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. शेवटच्या वर्षी वर्गात तीन मुलं उरली होती, त्यातली दोन पावसामुळे आत आलेली. त्या मानाने आमची चोवीस बिऱ्हाडं ही त्यांना निवृत्तीनंतर लाभलेली भरगच्च तुकडी. मग त्यांनी थिसियसचं जहाज काढलं. अथेन्सकर म्हणे त्याची कुजकी फळी काढून नवी बसवत राहिले. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का? तसंच टाकीचं. झाकण नवं, पाइप नवे, गिलावा नवा, मग गळते ती कुठली टाकी? प्लंबरने सगळं शांतपणे ऐकलं आणि व्हिजिटचे तीनशे मागितले.

"व्हिजिट म्हणजे नेमकं..."

तो पुन्हा आलेला नाही. वॉचमन रोज टाकीखाली बादली सरकवतो.

भाजीवाली म्हणाली, मेथी ताजी आहे. ताजी म्हणजे? "कालची न्हाई ती," असं म्हणून तिने एका वाक्यात व्याख्या संपवली. डॉक्टरांनी विचारलं, बरं वाटतंय का? 'बरं'वर अर्धा तास गेला, बाहेर अकरा पेशंट. काकूंनी तर "जेवायचं का?" हा प्रश्नच घरातून हद्दपार केलाय, त्या नुसतं ताट आपटतात. तुपाला भांड्याचा आधार की भांड्याला तुपाचा, हे बघायला एका नैयायिकाने भांडं पालथं केलं, ही गोष्ट प्रोफेसरच रंगवून सांगतात. काकू मात्र तुपाचा डबा वरच्या फळीवर ठेवतात.

आकाशातले तारे बघत चाललेला थेलीस विहिरीत पडला, हे प्लेटोने लिहून ठेवलंय. त्याला हसणाऱ्या दासीचं नाव मात्र लिहिलेलं नाही. माझं मत त्या दासीला. इ.स.पू. 399मध्ये सॉक्रेटिसला विष दिलं हे शाळेत वाचून मी हळहळलो होतो. सोसायटीच्या तीन सभांनंतर मला अथेन्सकरांचीही बाजू दिसू लागली.

गेल्या महिन्यात वॉचमनच्या पगाराचा विषय निघाला. "एवढ्यात भागतं त्याचं," सेक्रेटरी म्हणाले आणि पान उलटलं. हात वर झाला. मी घड्याळ बघितलं.

"भागतं म्हणजे नेमकं काय?"

नेहमीचं हसू कुणाला आलं नाही. सेक्रेटरी बोटं मोजू लागले. खोलीभाडं, गॅस, पोरीची फी... तिसऱ्याच बोटावर पगार संपला. किराणा अजून यायचा होता. दाराशी खुर्च्या लावणारा वॉचमन खुर्ची हातात धरून तसाच उभा. प्रोफेसर काहीच बोलले नाहीत, नुसते वाट बघत राहिले. ते वर्गातही असेच थांबत असतील काय, असं मला उगाच वाटून गेलं. त्या तिघांपैकी एखादं पोर पाऊस उघडल्यावरही बसून राहिलं असेल.

दोन हजारांची वाढ ठरली. सेक्रेटरींनी घाम पुसत लिहिलं, 'एकमताने मंजूर.'

कोपऱ्यातला हात पुन्हा हलला. मी धावत जाऊन त्यात बटाटेवडा ठेवला.