पेणला भाग जात नाही

"अहो वहिनी, ऐकलंत का? आपल्या पेणला भागच जात नाही!"

"कसला भाग?"

"पिनकोडला हो. ४०२१०७. भाचा काल फोन घेऊन भागाकार करत बसला होता. तिनाने नाही, साताने नाही, अकराने नाही. ६३१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून पाहिल्यान्, एकाचाही भाग पुरा जाईना."

"६३१ लाच का थांबला? कंटाळला?"

"पुढे जायची गरजच नाही. ६३४ चा वर्ग ४०१९५६, ६३५ चा ४०३२२५. आपला नंबर मधे. दोन अवयव पडायचेच, तर धाकटा ६३४ च्या आत सापडलाच पाहिजे. नाही सापडला. म्हणजे पेण मूळ संख्या!"

वहिनींचं माहेर रोह्याचं. वईवर वाळत घातलेला टॉवेल त्यांनी हातात घेतला. "आणि रोहा?"

"४०२१०९. मोडला की हो तुमचा. २३ गुणिले १७४८३. ते १७४८३ पुढे फुटत नाही, तेवढी अब्रू राहिली."

"मोडू दे. ज्याला कुणाचाच भाग जात नाही, तो काय कामाचा? आणि आकड्यांचं आम्हाला सांगू नका. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आमच्या रोह्याचे. तुमच्याकडे काय, गणपती आणि पापड!"

(हेच पापड दर उन्हाळ्यात माहेरी कोण नेतं, ते मी बोलले नाही.)

खरं तर पेणची यात मर्दुमकी शून्य. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाले, ते पोस्टखात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. माणूस संस्कृतचा कवी. टपाल निवडायला सोपं जावं एवढाच हेतू. मूळ संख्या आमच्या वाट्याला आली ती नशिबाने.

"पण भाच्याने दुसरी गंमत दाखवलीन्. देवळालीच्या शाळेत कापरेकर मास्तर होते ना, दत्तात्रय रामचंद्र, त्यांची. आकडे उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करायचे, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. चार आकडी संख्या असली आणि चारही आकडे सारखे नसले, की शेवटी ६१७४ येणारच. मास्तरांनी हे १९४९ साली शोधलं. सहा आकड्यांना मात्र एक मुक्काम नाही. कुणी ५४९९४५ वर थांबतो, कुणी ६३१७६४ वर, बाकीचे सात संख्यांच्या फेऱ्यात गरगरतात."

"मग पेण कुठे गेलं?"

"फेऱ्यात. ७४२१०० वजा १२४७, आले ७४०८५३. मग ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि सहाव्या वजाबाकीला ४२०८७६."

वहिनींनी टॉवेल खांद्यावर टाकला, माझ्या हातातला कागद ओढून घेतला नि रोहा मांडायला घेतलं. ९४०८५१, ९७०८२१, ९७४४२१, ८४९९४२, ७५३५४३. आणि सहावी वजाबाकी? ४२०८७६!

"बघा, बरोबरीने पोचलो! मोडलेले असून."

"आता नागोठणं करा. ४०२१०६."

त्याला सात वजाबाक्या लागल्या.

"लागणारच," वहिनी म्हणाल्या, "महामार्गाचं काम आहे ना तिथे!"