रुमालक्षेपमीमांसा : एक प्रास्ताविक

वालूर (ता. सेलू, जि. परभणी) येथील चक्राकार बारवेकडे स्थापत्यविदांचे लक्ष वळले, तेथील एसटी थांबा मात्र विद्वज्जनांनी उपेक्षिला. वस्तुतः स्वामित्वाच्या उत्पत्तीचा प्रश्न तेथे, विशेषतः बाजाराच्या दिवशी, सर्वाधिक निखळ रूपात दृग्गोचर होतो.

व्याख्या : देह बाहेर असताना गवाक्षमार्गे वस्तू टाकून आसनावर प्रस्थापिलेले स्वामित्व म्हणजे रुमालक्षेप.

त्याचे प्रकार तीन. (१) वस्त्रक्षेप : रुमाल, टोपी, उपरणे. (२) शिशुक्षेप : खिडकीतून पोर आत सोडणे. पोर तीन आसनांवर आडवे होते, म्हणून हा प्रकार विस्तारवादी मानावा. (३) वाचिक क्षेप : "माणूस यायलंय!" येथे वस्तूही नसते आणि पुष्कळदा माणूसही.

युरोपीयांनी या शास्त्राचा केवळ परदेशी उपयोग केला. पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो काँव याने १४८२ च्या सफरीत काँगो नदीच्या मुखाशी शिलास्तंभ रोवला; हा पाषाणमय वस्त्रक्षेप होय. १४९४ च्या तोर्देसिलासच्या तहाने स्पेन व पोर्तुगाल यांनी केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेस ३७० लीगवर रेषा कल्पून, गाडी नीट दिसण्यापूर्वीच बाके वाटून घेतली. १६६१ मध्ये मुंबई पोर्तुगीज राजकन्या कॅथरिनच्या हुंड्यात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला देण्यात आली आणि १६६८ मध्ये त्याने ती वार्षिक १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला दिली. धरलेली जागा भाड्याने लावण्याची कल्पना वालूरकरांस अद्याप सुचलेली नाही.

पुढे शास्त्रात फूट पडली. क्षेपमात्रवाद्यांच्या मते रुमाल पुरेसा. उपवेशनवाद्यांच्या मते बूडही टेकले पाहिजे. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेने आफ्रिकेच्या किनाऱ्यापुरता समन्वय साधला. कलम ३४ : नवा ताबा इतर सहीवाल्यांना कळवावा. कलम ३५ : तेथे अंमलही असावा. परिषदेस १४ राष्ट्रे होती, आफ्रिकेतील एकही नव्हते. यात विसंगती नाही. रुमालवाद हा रुमालवाल्यांतच चालतो.

उरतो कूटप्रश्न : आसनावर आधीच कोणी बसलेले असल्यास? शास्त्राचा निर्णय निःसंदिग्ध आहे. ज्याच्याजवळ रुमाल नाही, त्याच्या खालची जागा रिकामी समजावी.

प्रस्तुत लेखकाने या सिद्धान्ताचे प्रात्यक्षिक सेलूच्या गाडीत केले. चौकड्यांचा रुमाल खिडकीतून सुटला तो एका वृद्धेच्या मांडीवर पडला. आत शिरून लेखक विनयाने म्हणाला, "मावशी, सरका जरा. जागा धरलेली हाय."

"कुणी धरली? मी तर मागच्या गावापासून बसल्याली हाय."

लेखकाने रुमालाकडे निर्देश केला. तिने तो उचलला, झटकला, पदरातल्या शेंगा त्यात ओतल्या, गाठ मारली. कंडक्टरने अधिकारक्षेत्र नसल्याचे कळवले. लेखक सेलूपर्यंत उभा होता. रुमाल परत मिळालेला नाही.