कण राहिलाच पाहिजे!

मिलान, रविवार



आई, तू दिलेला इंद्रायणी तांदूळ गेल्या मंगळवारी संपला. पिशवी उलटी करून झटकली, तेव्हा चिंगीपुरता एक वाटीभर भात झाला. त्या दिवसापासून आमच्या चुलीवर इटलीचं राज्य आहे आणि मी माहेरी शिकलेलं एकेक उलटं पडतंय.

दुकानातून कार्नारोली नावाचा तांदूळ आणला. शेजारच्या आजी शिकवायला आल्या. मी सवयीने तांदूळ धुवायला घेतला, तशा त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की मला वाटलं वरून पाल पडली. रिसोत्तोचा तांदूळ म्हणे धुवायचाच नसतो. अंगावरची पिठी गेली तर भात मिळून येत नाही. तिसरं पाणी काढलं असतं तर बहुतेक त्यांनी पोलीस बोलावले असते.

मग तांदूळ लोण्यावर कोरडाच परतायचा आणि उकळता रस्सा पळी-पळीने घालत सोळा-अठरा मिनिटं ढवळत उभं राहायचं. कुकर नाही, शिट्टी नाही. मी झाकण ठेवलं, तेही त्यांनी काढलं. (तुझे जावई एका हाताने ढवळतात, दुसऱ्या हातात क्रिकेट.) शेवटी गॅस बंद करून गार लोणी आणि किसलेलं चीज घालून घोटायचं. मिलानवाले यात केशर घालतात आणि बैलाच्या नळीतली मज्जासुद्धा. आम्ही केशरावर थांबतो, तेव्हा पत्र खाली ठेवू नकोस.

ताटली हलवली की भात लाटेसारखा सरकला पाहिजे. मी मनात म्हटलं, हा तर आपला गुरगुट्या भात, जरा तोऱ्यातला. पण पहिल्याच घासाला दाताखाली कण लागला. मी ओशाळून म्हटलं, "कण राहिला वाटतं." आजी म्हणाल्या, "राहिलाच पाहिजे!" आई, मामाच्या पंगतीत माझ्या भातात कण राहिला म्हणून तू मला दिवाळीपर्यंत ऐकवलं होतंस. त्याच कणाचे इथे हॉटेलात पैसे घेतात.

आता बाबांसाठी. हा तांदूळ "परंपरेचा, पूर्वजांचा" अशा थाटात विकतात. प्रत्यक्षात तो १९४५ सालचा, म्हणजे आपल्या आजीपेक्षा लहान! मिलानजवळच्या पाउल्लो गावी दे वेक्की नावाच्या भात-उत्पादकाने व्यालोने आणि लेंचिनो या दोन वाणांचा संकर करून तो काढला. नावाबद्दल दोन कथा आहेत. कोणी म्हणतं, तेव्हाच्या राष्ट्रीय तांदूळ संस्थेच्या कार्नारोली नावाच्या प्रमुखाचं नाव दिलं. कोणी म्हणतं, शेतावर मदत करणाऱ्या माणसाचं. मला दुसरी आवडते, कारण साहेबांची नावं द्यायला कोणीही पुढे येतं.

बाबा, रोप दीड मीटरच्या वर जातं आणि वारा-पाऊस आला की लोळतं, थेट तुमच्या आंबेमोहोरासारखं. त्यामुळे शेतकरी कुरकुरतात, पण दाणा शिजताना फुटत नाही म्हणून स्वयंपाकी त्याला तांदळाचा राजा म्हणतात. पाकिटावर नुसतं "कार्नारोली" असेल तर आत त्याचे चुलतभाऊही निघू शकतात, आणि तेही कायद्याने. २०१७ च्या कायद्यानुसार "क्लासिको" लिहिलेलं असेल तरच अस्सल. तुम्ही मूठ नाकाशी धरून आंबेमोहोर ओळखता. या राजाला तसा वासच नाही, तेव्हा चष्मा लावून पाकीट वाचावं लागतं.

मे महिन्यात व्हेर्चेल्लीकडे गेलो होतो. मैलोन् मैल पाण्याने भरलेली खाचरं आणि त्यांत आल्प्सचं बर्फ उलटं पडलेलं. पाण्याने रात्री बियाणं उबेला राहतं म्हणे. लावणी नाही, सगळं ट्रॅक्टरने पेरतात. पूर्वी मात्र बायका गुडघाभर पाण्यात वाकून तण काढायच्या; त्यांना मोंदीने म्हणत आणि मजुरीत रोजचा एक किलो तांदूळ असे. चिंगीने विचारलं, "त्यांची पाठ दुखायची का?" मला भोरची भाताची आवणी आठवली. उत्तर दिलं नाही.

अजून एक. तांदूळ आणि हसणं या दोन्हींना इथे एकच शब्द आहे, रीझो. आणि लग्नात नवरा-नवरीवर तांदूळही टाकतात. मंगलाष्टकं तेवढी नाहीत.

गेल्या आठवड्यात चिंगीसाठी त्याच कार्नारोलीचा तीन शिट्ट्यांचा मऊ भात केला. आजींनी दारातून पाहून विचारलं, "कोण आजारी आहे?" इथे बिनमसाल्याचा भात फक्त पोट बिघडल्यावर खातात. मी त्यांच्या ताटलीत तूप-मेतकूट घालून दिलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी घेऊन आल्या.

तेव्हा आई, दादा पुढच्या महिन्यात येतोय त्याच्याबरोबर इंद्रायणी थोडी कमी दिलीस तरी चालेल, पण मेतकूट दोन बरण्या दे. एक आजींची.

तुमची,
मनू