सोळा कोटींची नाली

निविदेच्या अटी लिहिणारे माननीय साहेब,



आमची फर्म ‘तांत्रिकदृष्ट्या अपात्र’ ठरल्याचं पोर्टलवर झळकलं, तेव्हा आम्ही उज्जैनच्या टावर चौकात चहा पीत होतो. सांत्वनाला जमलेले ठेकेदारही अपात्रच होते. बयाणा रकमेचं किंवा सरकारी कामांवर 2022 साली 12 वरून 18 टक्क्यांवर गेलेल्या जीएसटीचं रडगाणं आज गात नाही. आज फक्त तुमच्या कलेचं कौतुक करायचंय.

केंद्रीय दक्षता आयोगानं 2002 मध्ये नमुना घालून दिला: गेल्या सात वर्षांत अंदाजपत्रकाच्या 40 टक्के किमतीची तीन समकक्ष कामं, किंवा 50 टक्क्यांची दोन, किंवा 80 टक्क्यांचं एक. ठीक. गल्लीची नाली 50 लाखांची असती तर 20 लाखांची तीन कामं दाखवून आम्ही आत आलो असतो. तुम्ही शहरभरच्या गल्ल्यांची मोट बांधून 40 कोटी केले. आता 16 कोटींच्या तीन नाल्या दाखवायच्या! साहेब, सोळा कोटींची नाली उज्जैनात आहे तरी कुठे?

आणि ही नाली खणणार कोण? आम्हीच. बाहेरच्या कंपनीचा मॅनेजर विचारतो, ‘पेटी में करोगे?’ म्हणजे पोटठेका: दर पाडलेला, बिल ‘ऊपर से’ पैसे आल्यावर. तेव्हा समकक्ष अनुभव कोणी मागत नाही. मिस्त्री आमचे, मिक्सर आमचा, रहिवाशांच्या शिव्या आम्हालाच, आणि अनुभवाचा दाखला कंपनीला! म्हणजे जन्मभर तुमचीच कामं करायची आणि जन्मभर अननुभवी राहायचं. लाज वाटत नाही का हो?

मोठी कंपनी म्हणजे पक्कं काम, असं म्हणाल, तर 28 मे 2023 च्या वादळात इथल्याच महाकाल लोकातल्या सप्तर्षींच्या सात मूर्तींपैकी सहा कोसळल्या. ते काम गल्लीतल्या ठेकेदाराचं नव्हतं.

तुमचंही कळतं म्हणा. 2028 चं सिंहस्थ पुढे ढकलता येत नाही, हाताखाली इंजिनीअर मोजके. ऐंशी मापवह्या तपासण्यापेक्षा एक करार बरा. शिवाय लहानाचं काम बिघडलं की चौकशी तुमची होते. मोठ्याचं बिघडलं की वारा जोरात होता.

एवढंच करा: पेटीत काम करणाऱ्याला त्याच्या नावाचा दाखला मिळेल अशी एक अट घाला. कंपनी नाही म्हणेल. तिला संध्याकाळपर्यंत दर कळवायचा आहे, म्हणून पत्र इथेच आवरतो.

आपला,
एक पेटी ठेकेदार