पाळत आणि ओवा

चिरंजीव नववीत गेले आणि फोन पालथा ठेवायला लागले. आमच्या घरात आजवर पालथी फक्त घासलेली भांडी ठेवली जात, त्यामुळे माझं लक्ष गेलं. मी जवळ आलो की फोन पालथा, लांब गेलो की उताणा. चौदा वर्षांचा मुलगा काय बघत असेल हे मला ठाऊक नव्हतं; पण मीही एकदा चौदा वर्षांचा होतो, आणि खरी काळजी तीच होती.

सरळ मार्ग नव्हता असं नाही. गूगलचं फॅमिली लिंक २०१७ पासून आहे, फुकट आहे. पण त्यात देखरेख चालू असल्याचं मुलालाही कळतं. मग ती पाळत कसली? चोराला आधी शिट्टी ऐकवणारा वॉचमन आमच्या सोसायटीतही आहे.

म्हणून मी स्वतःचं डोकं चालवलं. (असं मी म्हणालो की आमच्या घरात दोन माणसं गप्प होतात.) चिरंजीवांचा फोन म्हणजे माझाच जुना. त्यातलं माझं अकाउंट मी काढलंच नाही. 'राहू दे रे, कशाला नवीन पासवर्डची भानगड,' म्हणालो. माझ्या नव्या फोनवरही तेच अकाउंट. तो तिकडे काही शोधणार, मला ते इकडे दिसणार. 'माय ॲक्टिव्हिटी' उघडली की वेळेसकट सगळी यादी हजर. त्यात माझेही शोध येत. ते मी, आरशात पोट टाळून भांग पाडावा तसे, टाळून वाचायचो.

वाचन अर्थात लोकलमध्ये. पहिल्याच सकाळी सापडलं : 'सोडियम पाण्यात टाकल्यावर स्फोट'. दिवा यायच्या आत मी घाबरून उभा राहिलो.

'बसा हो, केमिस्ट्री आहे ती,' चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेले गृहस्थ म्हणाले. 'माझ्या मुलीलाही होतं. जरा खाली करा, पुढचं बघू.'

माझ्या मुलाच्या खाजगीपणाचा निकाल आम्ही चौघांनी मिळून ठाण्यापर्यंत लावला.

दुसऱ्या आठवड्यापासून मात्र यादीला वळण लागलं. 'पहाटे अभ्यास केल्याचे फायदे'. 'वडिलांशी आदराने कसं बोलावं'. हे वाचताना मी फोन मुद्दाम थोडा तिरका धरला, म्हणजे चौथ्या सीटला नीट दिसावं. मग एकदा आलं, 'नववीतल्या मुलाला महिन्याला किती पॉकेटमनी योग्य'. पोराने तोंडाने मागितलं नाही हो! त्याच संध्याकाळी मी होऊन तीनशेचे पाचशे केले.

आणि ती ओव्याची रात्र. दोन वाजता छातीत जळजळायला लागलं. बायकोला उठवलं तर आधी रात्रीच्या भज्यांचा हिशेब द्यावा लागला असता, म्हणून अंधारात गूगललाच विचारलं, 'गॅस की हार्ट अटॅक कसं ओळखावं'. पाच मिनिटांत चिरंजीव दारात. एका हातात कोमट पाणी, दुसऱ्या तळव्यावर चिमूटभर ओवा आणि काळं मीठ. 'चाव बाबा. आणि बरं नाही वाटलं तर आईला उठवतो.' माझे डोळे भरून आले. संस्कार, संस्कार म्हणतात ते हेच! या भरात रात्री दोनला हा जागा कसा, हे विचारायचं राहूनच गेलं.

पुढच्या रविवारी माझी बॅटरी संपली म्हणून त्याचा फोन घेतला. शोधायच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि खाली घड्याळाचं चिन्ह लावून ओळी उलगडल्या. 'कपाळ मागे सरकणं थांबवण्याचे उपाय'. 'बायको अबोला धरते तेव्हा'. 'साहेबांना न दुखावता नाही कसं म्हणावं'. सगळा मीच. त्याची यादी मला दिसत होती, तशी माझी त्याला.

'तुला कधीपासून माहीत होतं?'

'पहिल्या दिवसापासून. मुलाला न कळता त्याचा फोन कसा बघावा, असं शोधलंस ना तू? माझ्याकडे आलं.'

'मग बोलला का नाहीस?'

'तू बोलला नाहीस म्हणून.'

'आणि तुझं खरं जे काही शोधायचं ते?'

'आईच्या फोनवर. पासवर्ड तिनेच दिलाय.'

आतून फोडणीचा आवाज आला. बाकी काही नाही.

मी शेवटचं शस्त्र काढलं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर नजर ठेवायला कंपन्यांना मनाई केली आहे. बापांना मनाई करणारं त्यात अवाक्षर नाही, असं मी ठणकावून सांगितलं.

'हो, ते तू बारा तारखेला शोधलंस,' तो म्हणाला. 'ऑफिसच्या वेळेत.'

तेरा पूर्ण झालेल्याला गूगल आपलं आपण अकाउंट उघडू देतं. त्याने दहा मिनिटांत उघडलं आणि माझं काढून टाकलं. पॉकेटमनी पाचशेच राहिला. तो परत तीनशे करायची माझी छाती झाली नाही.

परवा रात्री पुन्हा जळजळ. गूगलला विचारलं, पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो. कुणी आलं नाही. स्वयंपाकघरात चाचपडलो तर हाती आधी जिरं आलं, मग मोहरी. शेवटी त्याच्या खोलीत जाऊन खांद्याला हात लावला. 'अरे, ओवा कुठल्या डब्यात असतो?'

'खालच्या खणात, झाकण पिवळं,' तो चटकन म्हणाला. जागाच होता.