दापोडीचा किडेवाला

किडेवाला हा दापोडीच्या सोसायट्यांमध्ये आढळणारा, चाळिशी ते साठीतला पुरुष. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यात, टूलरूममध्ये नाहीतर क्वालिटीत त्याची उमेद खर्ची पडलेली असते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेली एक उपजातही आहे. ती जास्त चिवट. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजण्यात हयात गेलेल्या माणसाला घरात मोजण्याजोगं काही उरत नाही, तेव्हा त्याची नजर कुंडीतल्या मुंगीवर जाते आणि हातात कॅमेरा येतो.

बाल्कनीच्या ज्या कोपऱ्याला तो 'स्टुडिओ' म्हणतो, त्याला घरचे 'तो पसारा' म्हणतात. मागे काळा ब्लाउजपीस, फ्लॅशवर बटर पेपर, आणि किडा मोठा दिसावा म्हणून लेन्स उलटी बसवण्यासाठी ओळखीच्या लेथवर फिरवून आणलेली रिंग. तशी रिंग बाजारात स्वस्तात मिळते, पण तिच्या आट्यांवर त्याचा विश्वास नसतो.

किडा सेन्सरवर आहे तेवढाच उमटला, तर त्याला एकास एक म्हणतात. त्यापुढे गेलं की स्पष्ट दिसणारी खोली मिलिमीटरच्या आत येते. कोळ्याचे डोळे लख्ख आले की पाय धुरकट. म्हणून कॅमेरा स्क्रूवर कणाकणाने पुढे सरकवत तीस-चाळीस फोटो घ्यायचे आणि संगणकावर ते एकात एक जुळवायचे. तोवर किड्याने हलायचं नाही, आणि घरच्यांनीही. भर मे महिन्यात पंखा बंद होतो. लोणावळा लोकलचं वेळापत्रक किडेवाल्याला पाठ असतं, पण प्रवासासाठी नव्हे. गाडी गेल्यावर टेबल थरथरायचं थांबलं की पुढचा फोटो. किड्याला तो 'जॉब' म्हणतो. 'जॉब हलला' हे वाक्य ऐकू आलं की चहा मागू नये.

काही जण किडा शांत बसावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवतात. त्या डब्यावर 'दही नाही' अशी चिठ्ठी असते. सच्चा किडेवाला या पंथाला तुच्छ लेखतो, निदान बायकोसमोर.

उडी मारणारा कोळी सर्वांचा लाडका, कारण तो स्वतःच वळून लेन्सकडे बघतो. आठांपैकी पुढचे दोन डोळे मोठे. कढीपत्त्यावरची कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी आधी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मग हिरवी होते आणि छेडली की डोक्यामागून तांबडी शिंगं काढून उग्र वास सोडते. स्टुडिओत ती छेडली जातेच. तिच्यासाठी कुंडीतला कढीपत्ता राखीव असल्याने पोह्यांना तो मंडईतून येतो.

निरखून पाहण्याची या गावाची परंपरा तशी जुनी. जॉन माल्कम या गव्हर्नराने 1828 मध्ये दापोडीत वनस्पती-उद्यान सुरू केलं. तिथल्या अलेक्झांडर गिब्सनने 1847 ते 1850 या काळात एका चित्रकाराकडून झाडांची बारकाईने चित्रं काढून घेतली. चित्रं एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कोणी टिपून ठेवलं नाही. किडेवाल्याला ही चित्रं दाखवली, तर पान कोणी खाल्लंय का, ते तो आधी बघतो.

तयार फोटो गणेशोत्सवात सोसायटीच्या हॉलमध्ये लागतात. दोन फुटी मुंगी पाहून मुलं खूश होतात, मोठी माणसं गंभीर. 'हे सगळं आपल्याच बिल्डिंगमध्ये?' अशी चौकशी सुरू होते आणि पुढच्या सभेत पेस्ट कंट्रोलचा ठराव येतो. तो एका मताच्या विरोधाने मंजूर होतो.